आधी पळस मोजा

डब्यावर हिरवं पान छापलेलं होतं आणि पानाखाली एकच शब्द, 'वनस्पतिजन्य'. घरच्या जुन्या दारासाठी वार्निश आणायला गेलो होतो. दुकानदाराला विचारलं, "यात झाडाचं किती आणि तेलविहिरीचं किती?" तो म्हणाला, "वर लिहिलंय ना, साहेब." डबा चहूबाजूंनी फिरवून पाहिला. किंमत होती, वजन होतं, आगीपासून दूर ठेवा असा इशारा होता. झाडाचा वाटा किती, कोणत्या झाडाचा, कोणत्या घटकात, याबद्दल एक अक्षर नव्हतं. डबा परत ठेवला.

हेच मुंबईत घडलं असतं तर विसरून गेलो असतो. गोंदियात घडलं म्हणून लिहितोय. या गावाच्या नावाची जी हकीकत इथे सगळे सांगतात ती अशी: आसपासच्या रानातले गोंड लोक इथे डिंक आणि लाख विकायला आणायचे. डिंक म्हणजे गोंद, त्यावरून गोंदिया. ज्या गावाला झाडाच्या चिकाने नाव दिलं, त्या गावात 'झाडापासून केलेलं' हा शब्द मोघम वापरू देता कामा नये. इथल्या माणसाला तो टक्क्यात आणि किलोच्या भावात विचारायचा हक्क आहे.

डिंक आणि राळ यांत लोक गल्लत करतात, तेवढी आधी निस्तरतो. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, राळ पाण्याला दाद देत नाही. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. राळ लाकडावर, धातूवर, तारेवर चढते आणि पाणी अडवते. रंग, वार्निश, प्लायवूडचे थर, पवनचक्कीचं पातं, मोबाइलमधली हिरवी पाटी, गाडीच्या ब्रेकचं अस्तर, या सगळ्यांना धरून ठेवते ती राळ. कारखान्यात तिला रेझिन म्हणतात. आज ती बहुतेक खनिज तेलातून येते. तेलातून बेंझिन आणि प्रोपिलिन, त्या दोघांपासून क्युमिन, क्युमिनपासून फिनॉल आणि ॲसिटोन, आणि तिथून फिनॉलिक, इपॉक्सी अशा नाना राळा. प्लायवूडच्या गोंदाला लागणारं फॉर्माल्डिहाइड मिथेनॉलपासून करतात आणि मिथेनॉल नैसर्गिक वायूतून नाहीतर कोळशातून काढतात.

या साखळीतली एकेक कडी आता तेलाऐवजी झाडाकडून घ्यावी, यासाठी जगभर धडपड चालू आहे. धडपड खरी आहे, गरजेची आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. म्हणूनच त्या डब्याचा राग आला.

कारण आपल्याकडे एक राळ अशी आहे, जिच्यात तेलविहिरीचा थेंबही नाही. ती देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या बाजूला धुऱ्यापाऱ्यावर उभ्या असलेल्या पळसावर धरते. लाख.

लाख धरलेली पळसाची काडी एकदा हातात घेऊन पाहा. करंगळीएवढ्या काडीभोवती तांबूस, खडबडीत कवच चढलेलं असतं, चिखल थापून वाळवल्यासारखं. फोडलं की कुडकुडतं. आत बारीक बारीक कोठड्या दिसतात आणि बोटाला लालभडक रंग लागतो. अळता म्हणतात तो मुळात हाच. एकेका कोठडीत एकेक मादी. पिल्लू असताना हा किडा राईच्या दाण्याहून कितीतरी लहान असतो. तो कोवळ्या फांदीत सोंड खुपसतो, रस ओढतो आणि स्वतःभोवती राळेची भिंत बांधत राहतो. नीट बोलायचं तर लाख ही झाडाची राळ नव्हे, झाडाच्या रसावर किड्याने केलेली राळ आहे. दुसऱ्याला डब्यावर खरं लिही म्हणायचं तर आपणही खरं लिहिलं पाहिजे.

काडीवरून खरवडली की ती कच्ची लाख. ती दळायची, चाळायची, पाण्यात घासून घासून धुवायची. लाल पाणी निघून जातं आणि दाणा उरतो, व्यापारी त्याला चौरी म्हणतात. चौरी कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळली की वितळलेली लाख कापडातून पाझरते. ती गरम असतानाच ताणून तिचा पातळ पत्रा केला की झाला चपडा. हातभट्टीवरच्या कारागिराला हा पत्रा ताणायला दोन हात पुरत नसत, पाय आणि दातही लावावे लागत. सुताराच्या बाटलीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत पडलेला असतो तो हाच चपडा. सकाळी कापसाचा बोळा त्यात बुडवून तो पाटावर फिरवतो, आणि लाकडातली एकेक रेघ वर येते.

पण लाखेचा गुण पाहायचा तर विळ्याची मूठ पाहावी. लाकडी मुठीच्या भोकात लाखेची पूड भरायची, विळ्याचं शेपूट तापवून आत खुपसायचं. लाख वितळते आणि थंड होताच पकडते. वर्षभराने विळा हलायला लागला तर पुन्हा तापवा, पुन्हा घट्ट बसतो. इपॉक्सीला हे जमत नाही. ती एकदा जमली की पुन्हा वितळत नाही, तापवली तर जळते. सोनार पोकळ मण्यात लाख भरतो तो याच गुणासाठी. कोल्हापुरी साजातल्या पातळ पत्र्याला आतून आधार असतो तो लाखेचा, आणि दागिना मोडीत घातला की तीच लाख वितळून बाहेर येते. साधारण ७५ ते ८० अंशांना ती वितळते. फार वेळ फार तापवली तर मात्र तीही कायमची घट्ट होते, मग स्पिरिटलाही दाद देत नाही. सोनाराला हे शाळेत न जाता माहीत असतं.

आता इतिहास थोडक्यात. विजेचं युग आलं तेव्हा तारांवर, कॉइलवर, स्विचवर लेप द्यायला लाख लागायची, आणि लाख यायची मुख्यतः भारतातून. मागणी वाढली, भाव चढले. अमेरिकेत राहणाऱ्या लिओ बेकलँड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने लाखेला पर्याय शोधायचा म्हणून फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र शिजवायला घेतलं. १९०७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ मध्ये जगाला सांगितलं, आणि बेकेलाइट आलं. अख्ख्या कृत्रिम राळेच्या धंद्याची सुरुवात इथली, आणि ती सुरुवात लाखेची जागा घेण्यासाठी झाली. त्यानंतरही चाळीसेक वर्षं ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्याच होत्या. बालगंधर्वांचा आवाज घराघरात गेला तो लाखेवर कोरलेल्या रेघेतून. महायुद्धात लाख इतकी मोलाची झाली की १९४२ साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी तिच्या वापरावर मर्यादा घातली. १९४८ मध्ये विनाइलची लांब वाजणारी तबकडी आली आणि तेही गिऱ्हाईक गेलं.

म्हणजे कृत्रिम राळेने लाखेला हटवलं, आणि आज तेलाच्या राळेला हटवायला पुन्हा झाड शोधलं जातंय. या सगळ्या काळात पळस जिथे होता तिथेच आहे. त्याच्याकडे बघणारे कमी झाले.

आता डब्याकडे वळू. 'वनस्पतिजन्य' म्हणजे किती, याचा हिशेब साधी बेरीज येणाऱ्यालाही करता येतो. इपॉक्सीचा नेहमीचा रेणू घ्या. त्यात कार्बनचे २१ अणू असतात. मधला मोठा भाग बिस्फेनॉल-ए या रसायनाचा, त्याचे १५, आणि दोन्ही टोकांना एपिक्लोरोहायड्रिनचे तीन-तीन, म्हणजे ६. हे एपिक्लोरोहायड्रिन आता ग्लिसरीनपासून करता येतं. तेल किंवा चरबीपासून साबण, बायोडिझेल करताना ग्लिसरीन मागे राहतं, तेच वापरायचं. फ्रान्समध्ये २००७ पासून आणि थायलंडमध्ये २०१२ पासून त्याचे कारखाने आहेत. उत्तम काम आहे. पण २१ पैकी ६ म्हणजे शेकडा साडेअठ्ठावीस. बाकीचे साडेएकाहत्तर टक्के कार्बन जुन्याच विहिरीतले, आणि बिस्फेनॉल-ए बद्दलची आरोग्याची काळजी जिथल्या तिथे. अशा डब्यावर पान छापायचं तर पानाखाली २८ टक्के छापा. मी तो आनंदाने विकत घेईन.

काजूची गोष्ट वेगळी. कोकणात काजूगर काढल्यावर टरफल उरतं आणि त्याच्या तेलाने बायकांच्या बोटांची साल निघते. त्या तेलातून कार्डनॉल मिळतं. तो फिनॉलचाच भाऊबंद, मागे १५ कार्बनची लांब शेपटी असलेला, एकूण २१ कार्बन, सगळे काजूचे. त्याची फॉर्माल्डिहाइडबरोबर राळ केली आणि एकाला एक असं प्रमाण धरलं तर २२ पैकी २१ कार्बन झाडाचे. ब्रेकच्या अस्तरात ही राळ किती तरी वर्षांपासून वापरात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही कार्डनॉलपासून नवनवी पॉलिमर करण्याचं काम झालं आहे. बघा, दोन्ही वस्तू 'वनस्पतिजन्य', एकीत चौथ्या हिश्श्याच्या वर थोडं, दुसरीत जवळपास सगळं. शब्द मात्र एकच.

कुणी म्हणेल, खरं-खोटं ओळखायचं कसं? ओळखता येतं, आणि पद्धत आपल्या ओळखीची आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या कोळशाचं वय ज्या मोजणीने काढलं, तीच कार्बन-१४ ची मोजणी. जिवंत झाड हवेतून थोडा कार्बन-१४ घेत असतं. झाड मेलं की तो आटत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. खनिज तेल कोट्यवधी वर्षांचं, त्यात तो शिल्लकच नसतो. तेव्हा राळेचा नमुना जाळून त्यातला कार्बन-१४ मोजला की ताज्या झाडाचा वाटा किती ते कळतं. याची आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत आहे. डब्यावर औषधासारखा घटकांचा टक्का छापणं सक्तीचं करायला आडकाठी काहीच नाही. ग्राहकाने मागितलं पाहिजे आणि सरकारने लिहायला लावलं पाहिजे.

मात्र कार्बन-१४ एवढंच सांगतो की कार्बन ताजा आहे. तो कुठल्या रानातला, ते रान तोडून लावलेल्या पामचा की धुऱ्यावरच्या पळसाचा, हे सांगत नाही. फॉर्माल्डिहाइड तसंच राहिलंय का, तेही सांगत नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. फिनॉल झाडाचा घेतला आणि फॉर्माल्डिहाइड जुनंच ठेवलं तर कपाट उघडणाऱ्या बाईच्या डोळ्यांना काय फरक पडला? अमेरिकेत एका मोठ्या प्लायवूड कंपनीने २००५ पासून सोयाबीनच्या पिठाचा गोंद वापरून फॉर्माल्डिहाइडच काढून टाकलं. मला ही बदली खरी वाटते, कारण तिच्यात नुकसान करणारा भाग बदलला.

गोंदियाच्या गिरण्यांकडे बोट दाखवून अनेकजण सांगतात की इथे धानाचा भुसा पडलाय, त्यातून राळ काढा. शंभर किलो धान भरडलं की सुमारे वीस किलो भुसा निघतो. त्याचा साधारण पाचवा हिस्सा लिग्निन, म्हणजे निसर्गाने केलेली फिनॉलसारखी जाळी. फिनलंडमध्ये प्लायवूडच्या गोंदात निम्म्याच्या आसपास फिनॉल काढून लाकडाचं लिग्निन घालतात. मग धानाचं का नाही? कारणं दोन आहेत आणि दोन्ही उत्साहाच्या भरात विसरली जातात.

एक, भुशात जवळपास पाचवा हिस्सा राखेचा आणि ती राख म्हणजे बहुतेक सिलिका, वाळूचीच जात. लिग्निन काढायला कॉस्टिकसारखा अल्कली वापरला की सिलिकाही विरघळून सोबत येते आणि राळ बिघडवते. लाकडाचं तसं नसतं. दोन, भुसा इथे 'पडलेला' नाही. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर त्याच्यावर चालतात. भुसा राळेला दिला आणि बॉयलरमध्ये कोळसा घातला तर तेल वाचवून कोळसा जाळला, एवढंच झालं. भुशापेक्षा मला बल्लारपूर जवळचं वाटतं. तिथे कागदासाठी बांबू आणि लाकूड शिजवताना लिग्निन काळ्या द्रावात आपोआप सुटं होतं, आणि बॉयलरमध्ये जाळलं जातं. काढायचं असेल तर त्यातला थोडा भाग तिथून काढा. भुशातून काढायचंच असेल तर आधी सिलिकाचा प्रश्न सोडवून दाखवा, मग शेतकऱ्याला स्वप्न दाखवा.

जवसाबद्दल थोडं तरी लिहिलंच पाहिजे. झाडीपट्टीत धान उभं असतानाच ओल्या बांधीत जवस, लाखोळी फेकायची पद्धत आहे, तिला उतेरा म्हणतात. नांगर नाही, पाणी नाही, उरलेल्या ओलीवर पीक. जवसाचं तेल हवेत आपोआप जमून कडक होतं. तेलरंग, वार्निश, लिनोलियमची जमीन हे सगळं त्याच एका गुणावर उभं राहिलं. आजच्या तैलरंगातल्या अल्किड राळेतही वनस्पती तेलाचा मोठा भाग असतो, हे रंगवाले फारसं बोलत नाहीत. नागपूरच्या कृषी महाविद्यालयाने जवसाचे चांगले वाण दिले, तरी बांधीतलं जवस मागे पडतंय. खरेदी नाही, म्हणून पेरा नाही.

आता लाखेचे दोषही सांगतो, कारण तिची बाजू घेणाऱ्याने ते लपवले तर त्या डब्यात आणि त्याच्यात फरक उरणार नाही. लाखेच्या पॉलिशवर ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. साबण, सोडा तिला चालत नाही. स्पिरिट सांडलं तर ती उतरते. गरम कढई टेकवली तर चिकटते. पवनचक्कीचं पातं लाखेचं होणार नाही, पावसात राहणारं प्लायवूडही नाही. लाख सगळ्या इपॉक्सीची जागा घेईल असं जो सांगेल तो गोंदियाचं भलं करत नाही. पण आतड्यात विरघळायच्या गोळीवरचा लेप, सफरचंदावरची चकाकी, चॉकलेटचा तुकतुकीतपणा, लाकडाचं घरातलं सामान, सोनाराचं काम, मोहोर, बांगडी, शाई या ठिकाणी ती आजही खणखणीत चालते. खाता येणारी आणि मातीत जिरणारी ही राळ. औषधाच्या गोळीवर इपॉक्सी लावून दाखवा.

आणि संशोधन नाही म्हणावं तर तेही खोटं. रांचीजवळ नामकुमला लाखेची संशोधन संस्था १९२४ पासून आहे. २००७ मध्ये तिचं नाव नैसर्गिक राळ आणि डिंक संस्था झालं, २०२२ मध्ये राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था. शंभर वर्षांचं काम तिथे आहे. आपल्या हाताशी नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था आहे, रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली, जिथे तेल, रंग आणि लेप हे विषय शिकवले जातात. गोंदियाहून सकाळच्या गाडीने निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. तिथल्या एकेका विद्यार्थ्याने पदवीचा एक प्रकल्प पळसाच्या लाखेवर केला तरी पाच-सात वर्षांत या जिल्ह्याच्या लाखेचा पूर्ण कस लिहून होईल: वितळण्याचा अंश, रंग, कचरा, ओल, सगळं.

कस लिहून होणं का महत्त्वाचं, ते खरेदीच्या वेळी कळतं. लाख विकायला आणलेला माणूस गोणी उलटी करतो. घेणारा मूठभर लाख हातात चोळतो आणि सांगतो की ओल आहे, काडी आहे, इतकं कापणार. मोजलं काय? हाताने. ओल मोजायचं यंत्र धानासाठी आहे, लाखेसाठी कुणी आणलेलं नाही. ओली लाख ढीग करून ठेवली की उन्हाळ्यात तिचा गोळा होतो, आणि गोळ्याचा भाव पडतो. सावलीत पातळ पसरून ठेवायला दोन खोल्यांची शेड पुरे. एवढ्या साध्या गोष्टीवाचून वर्षाची मेहनत हातातून जाते.

पळसावरची लाख म्हणजे रंगीनी. कुसुमावरची, ज्याला तिकडे पश्चिमेला कोशिंब म्हणतात त्याच्यावरची, ती कुसमी, भाव तिला जास्त. २०२० साली केंद्राने रंगीनी लाखेची आधारभूत किंमत किलोला २०० रुपये आणि कुसमीची २७५ रुपये केली. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत गौण वनोपजात लाखेचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे ती गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाचा आहे. आकडा आहे, कायदा आहे. पण आधारभूत किमतीने घेणारा माणूस गावाच्या बाजारात बसला पाहिजे, आणि तोही लाख निघते त्या पंधरा दिवसांत. नंतर आलेल्या सरकारी काट्याचा काय उपयोग?

भाव पडल्यावर काय होतं, ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. लाखेचं बी बाजारात पोत्याने मिळत नाही. लाख धरलेली जिवंत काडी हेच बी, तिला बीजलाख म्हणतात. जून-जुलैत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती काडी नव्या फांदीला बांधायची. पिल्लं बाहेर येतात, फांदीवर पसरतात. तीन आठवड्यांत रिकामी काडी, म्हणजे फुंकी, उतरवून घ्यायची, नाहीतर तिच्यातली कीड पिकावर जाते. ऑक्टोबरची लाख जून-जुलैपर्यंत झाडावर राहिली पाहिजे, मध्ये मे महिना. गोंदियाच्या मे महिन्यात कितीतरी किडे उन्हाने मरतात. पैशाची नड असलेला माणूस मग थांबत नाही. एप्रिलमध्येच कच्ची लाख तोडतो, तिला अरी म्हणतात, आणि सगळी विकून टाकतो. बीज उरत नाही. पुढच्या हंगामात बांधायला काडी नाही, त्याच्या पुढच्या हंगामात शेजाऱ्याकडेही नाही. दोन वर्षांत गाव लाखेबाहेर पडतं. मग धुऱ्यावरचा पळस नुसती सावली करतो म्हणून धानाला आड येतो, आणि कुऱ्हाड लागते. पळस गेला की रसायनशास्त्राने कितीही वाट दाखवली तरी त्या गावात राळ परत येत नाही.

तेव्हा वनस्पतिजन्य राळेचं भवितव्य परदेशातल्या प्रयोगशाळेत जितकं ठरतं तितकंच एप्रिल महिन्यात देवरीच्या एका धुऱ्यावर ठरतं. त्या माणसाच्या हातात दोन महिने तग धरण्याइतके पैसे असतील तर बीज वाचतं. बीजलाखेवर गावाला अल्प व्याजाची उचल द्या. गटाने मिळून दर दहा झाडांतलं एक झाड फक्त बीजासाठी राखा. सावलीत, पाण्याजवळ उभे असलेले पळस त्यासाठी निवडा, तिथे मे महिना सोसवतो. आदिवासी विकास महामंडळाने लाख निघायच्या आधी खरेदीची तारीख आणि ठिकाण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. त्यासाठी नवी योजना लागत नाही, एक पत्र लागतं.

वाचकहो, दोन कामं सांगतो. पुढच्या वेळी 'वनस्पतिजन्य' लिहिलेला डबा हातात घेतलात तर दुकानदाराला टक्का विचारा, आणि टक्का नसेल तर डबा परत ठेवा. आणि जे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या गावांत राहतात त्यांनी येत्या जूनच्या आत आपल्या धुऱ्यावरचे पळस मोजून घ्यावेत. किती उभे, किती छाटलेले, किती झाडांवर जिवंत लाख आहे. तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात लिहून घ्या.